अ‍ॅजिनकोर्टची लढाई इंग्रजांनी फक्त लाँगबोच्या, म्हणजे माणसाएवढ्या लांब धनुष्याच्या, जोरावर जिंकली का?

फक्त धनुष्यावर नाही. चिखलाचाही त्यात मोठा वाटा होता.

२५ ऑक्टोबर १४१५ ला इंग्लंडचा राजा पाचव्या हेन्रीच्या सैन्यात बहुसंख्य तिरंदाजच होते. समोर नुकतंच नांगरलेलं, पावसानं भिजलेलं शेत आणि दोन्ही बाजूंना झाडी. तिरंदाजांनी पुढ्यात टोकदार खुंट ठोकले होते. त्यामुळे फ्रेंच घोडेस्वारांना त्यांच्यापर्यंत पोचता येईना आणि मागून चिलखत घालून पायी येणारे सरदार चिखलात एकमेकांवर रेटले गेले. चांगलं पोलादी चिलखत बाणानं सहज फुटत नसे, हे खरं. पण घोडे बिथरत, माणसं मान खाली घालून चालत, रांगा मोडत. शेवटी तिरंदाज धनुष्यं टाकून हातोडे-खंजीर घेऊन त्यांच्यावर तुटून पडले.

खरी मेहनत मात्र लढाईच्या कितीतरी आधीची. १५४५ मध्ये बुडालेल्या 'मेरी रोझ' या इंग्रज युद्धनौकेवर यू नावाच्या झाडाच्या लाकडाची धनुष्यं सापडली, त्यातली बरीचशी ओढायला ४५ ते ८० किलोंचा जोर लागला असता! असा हात लहानपणापासून सवय असल्याशिवाय तयार होत नाही. म्हणूनच इंग्लंडचा राजा तिसऱ्या एडवर्डनं १३६३ मध्ये सणासुदीला तिरंदाजीचा सराव सक्तीचा केला.

आणि खुंट ठोकायला वेळच मिळाला नाही तर? १४२९ ला फ्रान्समधल्या पाते इथे नेमकं तेच झालं. फ्रेंच घोडदळानं तयारीआधीच गाठलं आणि असेच इंग्रज तिरंदाज कापले गेले.