वाचकांचे प्रश्न : मैदानात मांडलेले रेडिओ केंद्र

पावसाळा सरून हवा कोरडी झाली की हौशी रेडिओवाल्यांना फील्ड डेचे वेध लागतात. घर, घरची वीज आणि गच्चीवरची अँटेना मागे ठेवून एक दिवस मोकळ्या जागी तात्पुरते केंद्र उभारायचे आणि तिथून रेडिओवर इतर केंद्रांशी बोलायचे, एवढाच हा कार्यक्रम. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : माझे केंद्र सातव्या मजल्यावर आहे. सेट १०० वॅटचा आणि डायपोल (मध्यातून दोन बाजूंना ताणलेली तारेची अँटेना) गच्चीवर. क्लबातील ज्येष्ठ मंडळी मात्र ५ वॅटचा सेट घेऊन मैदानात जाऊ या, असा आग्रह धरतात. घरून चांगले बोलता येत असताना हा खटाटोप कशासाठी करायचा? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : घरून तुम्ही चांगले बोलता याबद्दल मला शंका नाही, चांगले ऐकता का, एवढे मात्र तपासून पाहावे. रात्री आठच्या सुमारास ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात जिथे कोणीही बोलत नाही अशी जागा निवडून एस-मीटरचा, म्हणजे सेटवर येणाऱ्या लहरींचा जोर दाखवणाऱ्या मापकाचा, काटा कुठे थांबतो ते पाहा. इमारतीतले एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, लिफ्टची ड्राइव्ह या सर्वांत वीज क्षणाक्षणाला जोडली-तोडली जाते आणि त्यातून उठणारा गोंगाट घरातल्या वायरिंगवाटे तुमच्या अँटेनापर्यंत पोहोचतो. माझ्या घरी हा काटा एस-९ वर असतो, तर गोराईच्या किनाऱ्यावर त्याच सेटवर तो एस-३ वर बसलेला मी पाहिला आहे. एक एस-पॉइंट म्हणजे ६ डेसिबेल, तेव्हा सहा पॉइंटांचा फरक ३६ डेसिबेलचा, म्हणजे सुमारे चार हजार पटींचा झाला. १०० वॅटवरून ५ वॅटवर येताना तुम्ही गमावता ते केवळ १३ डेसिबेल. घरी जो आवाज खरखरीखाली पूर्ण बुडालेला असतो, तो मैदानात शांतपणे ऐकू येतो आणि त्याला उत्तर देता येते. ज्येष्ठांचा आग्रह आहे तो यासाठी.

जागेबद्दल थोडेसे. किनारा असो वा उद्यान, ज्याच्या अखत्यारीत ती जागा येते त्याची लेखी परवानगी आधी घ्यावी, स्थानिक पोलीस ठाण्याला पत्र द्यावे आणि परवान्याची प्रत जवळ ठेवावी. तात्पुरत्या ठिकाणाहून केंद्र चालवण्याबाबत परवान्यात ज्या अटी असतील, त्याही निघण्यापूर्वी वाचाव्यात. कुलाब्याचा नौदलाचा परिसर आणि तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्राचा शेजार यांचा विचारही करू नये. मुंबईत काठी आणि तारा घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे लोक संशयाने पाहतात आणि त्यात त्यांची चूक आहे असे मला वाटत नाही.

प्रश्न : ७.१ मेगाहर्ट्झसाठी कापलेल्या माझ्या डायपोलचा एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते याचे माप; १ म्हणजे उत्तम) गच्चीवर १.३ होता. फील्ड डेला तोच डायपोल ८ मीटरच्या फायबरच्या काठीवर उलट्या व्हीसारखा लावला आणि दोन्ही टोके जमिनीतल्या खुंट्यांना बांधली, तर एसडब्ल्यूआर २.५ झाला. अँटेना तपासणाऱ्या ॲनालायझरवर त्याचा सर्वांत कमी आकडा ६.९५ मेगाहर्ट्झवर दिसत होता. तार खराब झाली असेल का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : तार ठणठणीत आहे. तुम्ही ॲनालायझरचा आकडा लिहून ठेवलात, त्यामुळे निदान सोपे झाले. ‘एसडब्ल्यूआर वाढला’ एवढेच कळवले असते, तर मला दहा शक्यता मोजाव्या लागल्या असत्या.

अर्ध्या तरंगाच्या डायपोलची लांबी मीटरमध्ये काढण्यासाठी १४३ ला मेगाहर्ट्झने भागतात. ७.१ साठी ती २०.१४ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजू साधारण १० मीटर येते. हे उत्तर मोकळ्या हवेतल्या सरळ तारेचे आहे. तारेची टोके जमिनीजवळ आली की टोक आणि जमीन यांच्यात कपॅसिटरसारखा परिणाम होतो, तार विद्युतदृष्ट्या लांब झाल्यासारखी वागते आणि तिची वारंवारता खाली घसरते. आता तुमची मांडणी पाहू. शेंडा ८ मीटरवर आणि टोके गुडघ्याएवढ्या, म्हणजे अर्ध्या मीटरच्या उंचीवर असतील, तर १० मीटरची प्रत्येक बाजू साडेसात मीटर खाली उतरते आणि शेंड्याशी दोन बाजूंमधला कोन सुमारे ८३ अंशांचा होतो. हा कोन ९० अंशांपेक्षा कमी होऊ देऊ नये, कारण दोन्ही बाजू एकमेकींच्या जवळ आल्या की त्यांचे काम एकमेकींना खोडू लागते.

उपाय असा : तारेच्या टोकांना इन्सुलेटर लावून त्यापुढे नायलॉनची दोरी बांधा आणि खुंट्या दूर नेऊन टोके ३ मीटर उंच राहतील असे पाहा. मग उतार ५ मीटरचा राहतो, कोन १२० अंशांचा होतो आणि दोन टोकांमध्ये सतराएक मीटर अंतर लागते. दोरीसह म्हणाल, तर बॅडमिंटनचे कोर्ट तिरके पुरणार नाही, एवढी मोकळी जागा हवी. यानंतरही वारंवारता खालीच राहिली तर प्रत्येक टोकाला थोडीथोडी तार मागे दुमडून स्वतःवरच पिळून घ्यावी, ६.९५ वरून ७.१ वर यायला एका बाजूला २१-२२ सेंटिमीटर पुरतात. तार कापू नका, पुढच्या महिन्यात ती गच्चीवर परत लावायची आहे.

टोके उंच ठेवण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते मला एसडब्ल्यूआरपेक्षा महत्त्वाचे वाटते. डायपोलच्या टोकांशी व्होल्टेज सर्वाधिक असते. १०० वॅट चालू असताना तिथे हात लागला तर भाजते. फील्ड डेला लहान मुले येतात आणि खुंटीला बांधलेली तार त्यांच्या नेमकी हाताच्या उंचीवर असते.

याच अँटेनाने दुपारी पुणे-नाशिक जोरात येतात आणि दिल्ली मात्र ऐकू येत नाही, असे तुम्ही ताजा कलमात लिहिले आहे. ते स्वाभाविक आहे. ४० मीटर तरंगलांबीच्या, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या, पट्ट्यासाठी ८ मीटर ही उंची कमीच, त्यामुळे बहुतेक ऊर्जा जवळजवळ सरळ वर जाते आणि आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागावरून, परतून शेदोनशे मैलांच्या परिसरात पडते. दूर जाणारी तिरपी लहर दुपारच्या उन्हात आयनांबराचा सर्वांत खालचा डी थर शोषून घेतो. दिल्ली-कोलकात्यासाठी दुपारी १४ मेगाहर्ट्झ वापरावे किंवा सूर्य मावळेपर्यंत चहा घ्यावा.

प्रश्न : १२.८ व्होल्ट, २० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी नवीन घेतली. ऐकताना सर्व ठीक असते. माईक दाबून मोठ्याने बोललो की १०० वॅटचा सेट बंद पडतो. दुकानदार बॅटरी बदलून द्यायला तयार आहे. बदलून घ्यावी का? (एक सेवानिवृत्त वाचक, दादर)

उत्तर : आधी बॅटरीपासून सेटपर्यंतची वायर मोजा. मी स्वतः या चुकीपायी एक सबंध सकाळ वाया घालवली आहे. घरात पडून असलेली दीड एमएमची वायर मी तीन मीटर जोडली होती आणि सेट, बॅटरी, माईक या तिघांवर आळीपाळीने आळ घेत बसलो होतो. अशा वायरचा रोध मीटरला सुमारे ०.०१३ ओहम असतो. जाऊन-येऊन सहा मीटर, म्हणजे ०.०८ ओहम, बोलताना सेट २० अँपिअर ओढतो, तेव्हा वायरमध्येच १.६ व्होल्ट खर्च होतात. १२.८ मधले सेटपर्यंत ११.२ उरतात आणि १३.८ व्होल्टसाठी बनवलेले बरेचसे सेट ११.७ च्या खाली काम सोडून देतात. चार एमएमची वायर घेतली तर हीच घट ०.६ व्होल्टवर येते. तीन मीटरऐवजी एकच मीटर घेतली तर आणखी उत्तम. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाणारच असाल तर नवीन बॅटरीऐवजी ही वायर, जाड पिना आणि दोन फ्यूज आणा. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ बसवावेत, कारण लिथियम बॅटरीची वायर मध्येच कुठे शॉर्ट झाली तर पेट घ्यायला वेळ लागत नाही.

बॅटरी किती पुरेल, याचा हिशेब असा : ऐकताना १.२ आणि बोलताना सरासरी ८ अँपिअर धरले आणि पाचातला एक भाग वेळ तुम्ही बोललात, तर सरासरी अडीच अँपिअर होतात. सहा तासांना पंधरा-सोळा अँपिअर-तास लागतील, म्हणजे तुमची बॅटरी एका दिवसाला बेताची पुरेल. अमेरिकेत १९३३ मध्ये सुरू झालेल्या आणि आता जूनच्या चौथ्या पूर्ण शनिवार-रविवारी होणाऱ्या फील्ड डेसारखे २४ तास चालवायचे असेल तर एवढ्याने भागणार नाही. अर्थात जूनच्या अखेरीस मुंबईत बॅटरीपेक्षा ताडपत्रीचा प्रश्न आधी येईल.

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. तिला फील्ड डेला नेले तर बोलू देतील का? (एक वाचिका, गिरगाव)

उत्तर : परवान्याशिवाय माईक तिच्या हाती देता येणार नाही; मात्र वयाची बारा वर्षे पूर्ण झालेली असल्याने ती परीक्षा देऊ शकते आणि रिस्ट्रिक्टेड या प्राथमिक श्रेणीत उत्तीर्ण झाली तर व्हीयू-३ ने सुरू होणारी स्वतःची कॉल साइन, म्हणजे रेडिओवरची ओळख, तिला मिळू शकते. तोवर तिला लॉग, म्हणजे कोणाशी केव्हा बोलणे झाले याची नोंदवही, लिहायला बसवा. हे दुय्यम काम समजू नये. समोरच्याचे ‘व्हिक्टर युनिफॉर्म थ्री’ (व्हीयू-३ चा रेडिओवरचा उच्चार) आणि त्यापुढची अक्षरे खरखरीतून एका दमात टिपणे अनेक परवानाधारकांनाही जमत नाही. पेन्सिल द्या, पेन घामाने आणि किनाऱ्यावरच्या दमट हवेने फिसकटते. वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहायची असते, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. सकाळचे दहा म्हणजे ०४३०. पहाटे साडेपाचच्या आधी बोलणे झाले तर तारीखही आदल्या दिवसाची पडते आणि इथे मोठमोठे चुकतात. एक जुने मनगटी घड्याळ त्या वेळेवर लावून टेबलावर ठेवून द्यावे आणि त्याला दिवसभर कोणी हात लावू नये.