जुन्या तबकड्यांवर पाउल क्न्युप्फरचा आवाज पातळ वाटतो. हा जर्मन बास (खर्जातल्या आवाजाचा) गायक खरंच मोठा होता का?

होता, निःसंशय. तुम्हाला जो पातळपणा जाणवला, तो त्या काळच्या ध्वनिमुद्रणाच्या भोंग्याचा दोष आहे, गळ्याचा नाही.

कारकीर्द थोडक्यात सांगतो. क्न्युप्फर हाले गावचा, जन्म १८६०च्या दशकातला. झोंडर्सहाउझेनच्या लहानशा नाट्यगृहात सुरुवात, मग लाइपझिगमध्ये दशकभर आणि १८९८ पासून थेट १९२० साली मृत्यू येईपर्यंत बर्लिनचा ऑपेरा. शिवाय बायरॉइटला वाग्नरच्या ऑपेरांचा जो उत्सव होतो, त्यात भूमिका. बावीस वर्षं राजधानीच्या मंचावर टिकणं हे नुसत्या नावलौकिकावर होत नाही.

माझ्या मते त्याची मोठी कामगिरी म्हणजे रिचर्ड स्ट्राऊसच्या 'डेअर रोझेनकाव्हालिअर'मधला बॅरन ऑक्स. हा ऑपेरा जानेवारी १९११ मध्ये ड्रेस्डेनला प्रथम झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बर्लिनला आला, तिथला ऑक्स क्न्युप्फर. कैसरचं दरबारी नाट्यगृह ते; तिथल्या प्रमुखांनी संहितेतले चावट शब्द सोवळे करून घेतले होते. म्हणजे त्या उर्मट, बाईलवेड्या जहागीरदाराचा रंग गायकाने सुरांतून आणि हावभावांतूनच भरायचा! जानेवारी १९१३ मध्ये थॉमस बीचमच्या संचालनाखाली लंडनला पहिला प्रयोग झाला, तेव्हाही ऑक्स हाच. पुढच्याच वर्षी वाग्नरच्या 'पार्सिफाल' या ऑपेरावरचे हक्क संपले आणि युरोपभर त्याचे प्रयोग सुरू झाले. फेब्रुवारी १९१४ मधल्या लंडनच्या कव्हेंट गार्डन नाट्यगृहातल्या प्रयोगात क्न्युप्फर गुर्नेमान्झ हा वृद्ध सरदार होता आणि म्युनिकचा पाउल बेंडर अम्फोर्टास हा जखमी राजा. त्या रात्री प्रेक्षागृहात बसलेल्यांचा मला मनापासून हेवा वाटतो.

आता तबकडीकडे येऊ. ऑक्सला दुसऱ्या अंकाच्या शेवटी एक खर्जातला सूर लांबवर धरून ठेवावा लागतो. तो सेकंदाला साधारण ८२ कंपनांचा. काळी एकमध्ये गाणाऱ्या आपल्याकडच्या गायकाच्या हिशेबात मंद्रातला कोमल गंधार, तोही भरल्या वाद्यवृंदाबरोबर, माइकशिवाय. त्या काळी गायक भोंग्यासमोर उभा राहून गायचा आणि आवाजाच्या धक्क्याने सुई मेणावर चर कोरायची. ही यंत्रणा दोनशे कंपनांच्या खालचं फारसं काही पकडतच नसे. म्हणजे बास गायकाच्या खर्जाचं मूळ कंपन मेणावर जवळजवळ उमटतच नाही. उमटतात ते वरचे स्वरांश (मूळ कंपनाच्या दुप्पट-तिप्पट अशा पटीतली कंपनं), आणि त्यांवरून आपला कान खालचा सूर जुळवून घेतो. सोप्रानो किंवा टेनर या उंच आवाजांचं एवढं नुकसान होत नाही. माइकवरचं ध्वनिमुद्रण १९२५ साली आलं, तोवर क्न्युप्फरला जाऊन पाच वर्षं झाली होती.

दुसरी अडचण वेळेची. मोठ्या तबकडीची एक बाजू जेमतेम चार-साडेचार मिनिटांची, त्यात गुर्नेमान्झची लांबलचक निवेदनं कशी मावणार?

 

ऐकण्यापूर्वी वेग मात्र तपासा. त्या काळी मिनिटाला ७८ फेऱ्यांचा नियम कुणी काटेकोर पाळत नव्हतं. ७४ वर कोरलेली तबकडी ७८ वर फिरवली की सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो आणि बासचा बॅरिटोन, म्हणजे त्याच्या वरच्या पट्टीतला आवाज, होऊन बसतो. यूट्यूबवरच्या बऱ्याच प्रतींत हा घोळ आहे. शेजारी पेटी ठेवा. मोझार्टच्या 'जादूची बासरी' या ऑपेरातलं झारास्ट्रो या पात्राचं दुसऱ्या अंकातलं 'इन डीझन हाइलगेन हालेन' हे गाणं मूळ पांढरी तीनमध्ये आहे. कुणाही बास गायकाची या गाण्याची प्रत पांढरी चारला लागत असेल तर वेग थोडा कमी करून पुन्हा ऐका. क्न्युप्फरच्या बाबतीत असा वेग जुळवला की मग त्याच्या शब्दांकडे लक्ष द्या. व्यंजनं इतकी स्वच्छ आहेत की भोंग्यालाही ती झाकता आली नाहीत.