वही जाळू नकोस

प्रिय मुला,

काल तुझा फोन ठेवल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. कायमचं घरी जायच्या आधी वही जाळून टाकतो म्हणालास. जाळू नकोस. कुठेही लपव, पण जाळू नकोस.

'कोण वाचणार आहे?' हा काय प्रश्न झाला? आपलं सगळं 1969 च्या स्टोनवॉलपासून, न्यू यॉर्कच्या त्या बारवर पोलिसांची धाड पडली आणि आपली माणसं उलटून उभी राहिली तिथून, सुरू झालं असं तूही धरून चालतोस, म्हणून सांगतो. फ्रँक कॅमेनी खगोलशास्त्रज्ञ. समलिंगी म्हणून 1957 मध्ये अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागातून त्याला काढलं. सर्वोच्च न्यायालयातला अर्ज त्याने स्वतः लिहिला. 1961 मध्ये तो सुनावणीशिवायच फेटाळला गेला. 17 एप्रिल 1965 ला व्हाइट हाउससमोर फलक घेऊन उभी राहिली ती जेमतेम दहा माणसं. पुरुष कोट-टायमध्ये, कारण कॅमेनीचा हट्टच होता: नोकरीचा हक्क मागतोय, तर नोकरीला शोभेल असे दिसा.

निदर्शनं संपल्यावर असले पुठ्ठे कुणीही टाकून देतं. त्याने माळ्यावर नेऊन ठेवले. चाळीस वर्षं! 2006 मध्ये ते स्मिथसोनियन संग्रहालयात गेले आणि त्याचे हजारो कागद लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये. 2009 मध्ये सरकारने माफी मागितली तेव्हा तो 84 वर्षांचा होता.

आणि बर्लिनमध्ये मॅग्नुस हिर्शफेल्डच्या, आपल्यासारख्यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचं ग्रंथालय नाझींनी मे 1933 मध्ये भर चौकात जाळलं. जाळायला ते असतातच रे. त्यांचं काम आपण का करायचं?

मी केलंय ते. 1993, लग्नाच्या आदल्या आठवड्यात, पुण्याच्या घरी. एकाची अकरा पत्रं बंबात घातली आणि त्याच पाण्याने अंघोळ केली. भित्रा म्हणशील. म्हण. आपल्याला गुन्हेगार ठरवणारं 377 कलम होतं, आईने कपाटाची किल्ली कधी माझ्या हातात दिली नव्हती, लपवायला जागा नव्हती. पण खरं सांगू? जागा शोधलीच नाही मी. तीन वर्षांनी तो गेला. 'ळ' काढताना तो शेपूट लांब ओढायचा, एवढंच आठवतं. बाकी अक्षर डोळ्यांसमोर आणायला बघतो, येत नाही.

तुझं घर, तुझे वडील, सगळं कळतं मला. तरीही जाळू नकोस.

शनिवारी दादरला ये, पुलाखाली नेहमीच्या जागी. वही प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळ, पाऊस आहे. मी उघडणार नाही.

तुझा,
काका