हक्काची मतं सांभाळायची की काठावरची मिळवायची?

प्रश्न : नमस्कार दादा, मी एका पक्षाचा तालुक्यातला कार्यकर्ता आहे, पक्षाचं नाव लिहीत नाही. झेडपीच्या तयारीची बैठक बसली की आमच्यात दरवेळी एकच वाद होतो. जुनी मंडळी म्हणतात आपला हक्काचा मतदार चार्ज करा, तो बाहेर पडला की काम झालं, बाकीच्यांच्या मागं लागलं की आपलेच नाराज होतात. आम्ही पोरं म्हणतो की हक्काच्या मतांवर आपण दरवेळी चार-पाचशेनं पडतोय, काठावरची घेतल्याशिवाय सीट निघायची नाही. खरं कुणाचं?
– एक वाचक, जि. सांगली

उत्तर : माझं मत तुम्हा पोरांच्या बाजूनं आहे, पण जुन्या मंडळींचं एक म्हणणं सोडू नका, त्यावर पुढं येतोच.

आधी हिशोब बघा. घरी बसलेला आपला माणूस बूथवर आणला की आपलं एक मत वाढतं. पण समोरच्याला जाणारं मत आपल्याकडं वळवलं तर आपलं एक वाढतं आणि त्याचं एक घटतं, म्हणजे लीडमध्ये दोनाचा फरक. पाचशेनं पडणाऱ्याला अडीचशेच्या थोडी वर मतं फिरली तरी पुरतात. फक्त मत फिरवायला त्या घरी चार वेळा जावं लागतं, ऐकून घ्यावं लागतं, आणि आपल्या माणसापुढं भाषण ठोकणं सोपं असतं, म्हणून सगळेच पक्ष सोप्याच्या मागं जातात.

आता २०२४ ची लोकसभा घ्या. महाविकास आघाडीला ३०, महायुतीला १७, आणि तुमच्याच सांगलीत अपक्ष विशाल पाटील. सीटांमध्ये एवढी दरी, पण राज्यभरातली मतं बघितली तर दोघांत अर्ध्या टक्क्याचाही फरक नव्हता! म्हणजे भाजपचा हक्काचा मतदार काही गायब झालेला नव्हता. झालं असं की 'चारसौ पार' ही घोषणा कार्यकर्त्याला जोश यावा म्हणून दिलेली, ती दलित वस्त्यांमध्ये 'आता संविधान बदलणार' अशी ऐकली गेली, मराठवाड्यात आरक्षणाचा राग होता, नाशिक पट्ट्यात कांदा निर्यातबंदीचा होता, आणि हे सगळं एकाच वेळी समोरच्याच्या खात्यात गेलं. आपल्या माणसाला चार्ज करायला दिलेली घोषणा समोरचा माणूसपण ऐकत असतो आणि तोही चार्ज होतो, हे बैठकीत कुणी बोलतच नाही. धुळ्याचं उदाहरण तर प्रत्येक कार्यकर्त्यानं नीट बघावं. सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत भाजपला लीड, आणि एकट्या मालेगाव मध्यनं निकाल फिरवला, काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८०० च्या आसपास मतांनी निवडून आल्या.

मग साडेपाच महिन्यांत विधानसभा, आणि चित्र उलटं. भाजप १३२, शिंदेंची सेना ५७, अजित पवार ४१, तिकडं आघाडीचे तिन्ही मोठे पक्ष मिळून ४६. मतदान ६१ टक्क्यांवरून ६६ वर गेलं. आता यात 'बटेंगे तो कटेंगे' ही हिंदूंनी एकत्र राहावं अशी घोषणा होती, संघ परिवाराच्या छोट्या छोट्या बैठका होत्या, ते हक्काच्या मतांसाठी. पण त्याच वेळी लाडकी बहीणचे महिन्याला दीड हजार खात्यात येत होते, साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचं वीजबिल माफ झालं होतं, लहान लहान ओबीसी जातींशी वेगळी बोलणी चालू होती. मला विचाराल तर निकाल या दुसऱ्या कामानं एवढा मोठा केला. घोषणेला हलणारा मतदार लोकसभेलापण त्यांच्याकडंच होता ना. नवीन कोण आलं, तर ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पंजाला मत जायचं त्या घरातली बाई. आणि हेही लक्षात घ्या की महायुतीतल्याच अजित पवारांनी आणि भाजपच्या पंकजा मुंडेंनी 'बटेंगे तो कटेंगे' ही घोषणा महाराष्ट्रात नको असं उघड सांगितलं होतं, त्यामुळं ज्याला ती बोचली त्यालाही युतीतच दुसरं दार उघडं राहिलं.

आपल्याकडं मध्य म्हणजे डावा-उजवा यांच्या मधला कुणी विचारवंत नव्हे. ज्याचं अजून ठरलेलं नाही, ज्याला कुठल्याच पक्षानं 'आपला' म्हटलेलं नाही, तो मध्य. यशवंतराव चव्हाणांचं बेरजेचं राजकारण म्हणतात ते हेच. आणि भाजपसुद्धा शेटजी-भटजींचा पक्ष म्हणून ओळखला जायचा, तेव्हा पक्षाचे संघटक वसंतराव भागवतांनी 'माधव' म्हणजे माळी, धनगर, वंजारी अशी मोट बांधायला घेतली, गोपीनाथ मुंडे, फरांदे, डांगे ही माणसं पुढं आणली, आणि १९९५ ला ६५ आमदार आले. हक्काचा मतदार तोच राहिला आणि त्यात भर पडली.

आता जुन्या मंडळींचं. काठावरचा माणूस मत देईल पण सतरंजी उचलणार नाही, बूथवर दिवसभर बसणार नाही. ते हक्काचाच करतो. आणि तो रुसला तर काय होतं हे २०२४ च्या लोकसभेला अठ्ठेचाळीस मतांनी लागलेल्या मुंबई वायव्यच्या निकालानं सगळ्यांना कळलंय, तिथं दोन इमारती उठवल्या असत्या तरी… असं दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांना वाटत असणार. म्हणून हक्काच्या माणसाला मान द्या, कामाला लावा, पण प्रचार कशावर करायचा हे त्याच्यावर सोडू नका, कारण त्याला जे ऐकायला आवडतं ते शेजारच्या वाडीला आवडेलच असं नाही. तुमच्या गटाची मतदारयादी घेऊन बसा आणि मागच्या वेळी ज्या बूथवर थोडक्यात मागं राहिलात तिथली घरं आधी काढा. उमेदवारपण असा द्या की ज्याला समोरच्या भावकीतला माणूसही घरात बोलवेल. झेडपीला अर्धं काम तिथंच होतं.

प्रश्न : पण ज्यांचा बेस एकदम पक्का आहे अशा पक्षांना सीट का मिळत नाहीत?
– एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : मतं कुठं आहेत त्यावर सगळं आहे. २०१९ च्या लोकसभेला वंचित आणि एमआयएमला मिळून ४० लाखांच्या वर मतं पडली, खासदार आला एक, औरंगाबादचा, तोही साडेचार हजारांच्या आतल्या फरकानं आणि अपक्ष हर्षवर्धन जाधवांनी पावणेतीन लाखांच्या वर मतं खाल्ली तेव्हा. पक्की मतं सगळ्या राज्यात थोडी थोडी पसरली की प्रत्येक मतदारसंघात तुम्ही तिसरे येता. उलट शेकाप म्हणजे शेतकरी कामगार पक्ष राज्यात छोटा झाला, पण सांगोल्यात गणपतराव देशमुख ११ वेळा आमदार झाले, कारण तिथं मतं एकाच ठिकाणी होती आणि पक्षाबाहेरचा माणूसपण गणपतरावांना मत द्यायचा. मनसेचं बघा, २००९ ला १३ आमदार, २०२४ ला एकही नाही. सभेला गर्दी अजूनही होते, पण त्या गर्दीबाहेरच्या मतदाराला सोबत घेणारं काम मधल्या पंधरा वर्षांत उभं राहिलं नाही.