बिजागरीत तेल सोडू का?

प्रश्न : माझा घडीचा फोन दोन वर्षांचा आहे. पूर्वी अर्धा उघडून टेबलावर ठेवला की तसाच राहायचा. आता वरचा भाग हळूहळू खाली येतो. उघडताना कचकचही ऐकू येते. बिजागरीत शिलाई मशीनचे तेल सोडू का? – एक वाचक, मालवण

उत्तर : तेल अजिबात सोडू नका. फोन अर्धवट कोनात थांबतो तो घर्षणावरच. बिजागरीत दोन्ही भागांचे दांडे वेगवेगळे असतात. बऱ्याच फोनमध्ये मधले बारीक गिअर त्यांना सारखेच फिरवतात. दांड्यावर कॅम असतो, म्हणजे उंचवटे-खाचा असलेल्या चकत्यांची जोडी. तिची दोन तोंडे स्प्रिंग एकमेकांवर दाबून धरते. उंचवटा खाचेत उतरला की फोन टपकन उघडतो किंवा मिटतो. मधल्या कोनात तोंडे नुसती घासत राहतात. ती झिजली किंवा स्प्रिंग सैलावली की वरचा भाग पडतो. तेलाने पकड आणखी जाईल, धूळ चिकटेल आणि पडद्याखालचा गोंद सुटू शकेल. आधी कव्हर काढून पाहा. जाड कव्हरच्या वजनानेही असे होते.

कचकच मात्र वाळूची असावी, आणि काळजी तिचीच जास्त. पडद्याची काच बऱ्याच फोनमध्ये जेमतेम ०.०३ मिमीच्या आसपास असते. खाली कण अडकला तर वरून बोट दाबताच ती तडकते. २०१९ मध्ये सॅमसंगला पहिल्या गॅलॅक्सी फोल्डची विक्री पुढे ढकलावी लागली, त्यात बिजागरीच्या टोकांच्या फटीतून शिरणारा कचरा हे एक कारण होते. पुढे त्यांनी आत बारीक तंतूंचे ब्रशही बसवले. तरी खोक्यावर धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा ‘आयपीएक्स८’ असेल तर ती हमी फक्त पाण्याची. ‘आयपी४८’मधला ४ म्हणजे १ मिमी किंवा त्याहून मोठे कण अडतील, किनाऱ्यावरची बरीचशी वाळू त्याहून बारीक.

फोन बंद करा. कोरड्या मऊ ब्रशने फट आतून बाहेरच्या दिशेने झाडा. टाचणी घालू नका, हवेचा फवारा तर नकोच. कण आणखी आत जातात. आवाज राहिला तर उघडमीट थांबवा, डेटाचा बॅकअप घ्या आणि सर्व्हिस सेंटरला न्या. पडदा चौकटीला चिकटवलेला असल्याने बिजागरीबरोबर तोही बदलावा लागू शकतो. खर्च आधीच लेखी मागा.

प्रश्न : घडीवरची फिल्म सुटू लागली आहे. सोलून टाकू का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नको. कारखान्यातून लावून आलेली फिल्म पडद्याचाच थर असते. सोलताना ओढ थेट त्या पातळ काचेवर येते. सर्व्हिस सेंटरमधूनच बदलून घ्या, आणि तोवर फोन शक्यतो उघडाच ठेवा.