झाकण्याआधी दाखव

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

पहिलंच घर पूर्णपणे तुझ्या अंगावर आलंय आणि तू विचारलंयस, घरवाल्यांना साईटवर किती येऊ द्यायचं? तुझा मिस्त्री म्हणतो, ती माणसं आली की काम खोळंबतं. मिस्त्री जुना आहे, बाकी सगळ्यात त्याचं ऐक. एवढ्या बाबतीत मात्र माझं ऐक. त्यांना बोलाव. रोज नको, पण जे झाकलं जाणार आहे ते झाकण्याआधी, दर वेळी.

घराचा निम्मा भाग बांधतानाच दिसेनासा होतो. पाया मातीत जातो, सळई काँक्रीटमध्ये, वायरिंगचे पाइप गिलाव्यात, संडासाची लाइन लादीखाली. पैसा तिथेच मुरतो आणि घरवाल्यांच्या नजरेला शेवटी उरतात रंग आणि फरशी. आत काय घातलं असेल, हा किडा मग डोक्यातून जात नाही. काम कितीही चोख केलंस तरी जात नाही, कारण त्यांनी ते पाहिलेलंच नसतं.

कुडाळच्या बाजूला मी एक घर बांधलं होतं, त्याबद्दल सांगतो. जुनं मातीचं घर उतरवून त्याच जागी नवं. मुलगा-सून मुंबईला, गावात आई एकटी. माजघर आणि मागच्या खोल्यांवर स्लॅब, पुढे ओटी आणि पडवीला कौलं, भिंती चिऱ्याच्या. पाया खणताना तीन कोपऱ्यांत कातळ लागला आणि चौथ्यात पहार आपसूक खाली जायला लागली. पिवळट, मऊ माती. जांभ्याच्या पट्ट्यात हे होतं, वर कठीण थर असतो आणि खाली भरवसा नसतो. तिथे खोल जाणं भाग होतं, म्हणजे खर्च वाढणार. मी गड्यांना दुसरीकडे लावलं, मुलाला व्हिडिओ कॉल केला आणि त्याच्यासमोर आधी कातळावर, मग त्या मातीत पहार मारून दाखवली. आईंना हात धरून खड्ड्याच्या कडेला आणलं. वाढीव खर्चाचा आकडा तिथेच कागदावर लिहून दिला. मुलगा एवढंच म्हणाला, ‘करा काका, आणि खोल जायला लागलं तर जा.’ हाच आकडा मी शेवटच्या बिलात घातला असता तर तो भांडला असता आणि त्याचं चुकलं नसतं.

आता स्लॅबचं ऐक, कारण त्यात मला स्वतःला शिकायला मिळालं. सेंट्रिंग झालं, सळई बांधून झाली, सळई सेंट्रिंगपासून वर उचलून धरणारे कव्हर ब्लॉक लावून झाले. (कव्हरच्या, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या थराच्या बाबतीत हात आखडू नकोस. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत सळई गंजली की स्लॅब आतून फुगतो आणि पोपडे सुटतात.) काँक्रीट पडायच्या आदल्या दिवशी मी आईंना नेहमीसारखं बोलावलं. त्या माजघरात उभ्या राहिल्या, वर पाहिलं आणि म्हणाल्या, ‘हय गणपती बसतलो, मगे माटवी खय बांधूची?’

माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळा-पानांची चौकट. जुन्या घरात ती वाशांना बांधली जायची. नारळ, सुपारीचे घड, कवंडळं, आंब्याचे टाळे, सगळं मिळून वजन चांगलंच होतं. आणि मी तिथे सपाट स्लॅब टाकायला निघालो होतो. नकाशात देवघर होतं, गणपतीची जागाही मुलाला विचारून ठरवली होती, पण छतातल्या कड्यांचं कुणालाच सुचलं नव्हतं. त्याच संध्याकाळी सळईचे आकडे वाकवून मुख्य सळयांना अडकवले, जागा आईंनी दाखवल्या. दुसऱ्या दिवशी स्लॅब पडला. एक दिवस उशीर झाला असता तर नंतर ड्रिल मारून खिळे ठोकत बसावं लागलं असतं.

पाणी मारण्याचं काम आईंनी आपणहून अंगावर घेतलं. काँक्रीटचं भारतीय मानक आय. एस. ४५६ म्हणतं, साध्या सिमेंटला निदान सात दिवस, मिश्र सिमेंटला दहा. कोरड्या उन्हात दहा आणि चौदा. आपल्याकडे स्लॅब पडतात नेमके उन्हाळ्यात, विहिरी तळाला गेलेल्या असताना. तेव्हा स्लॅबची तारीख धरण्याआधी पाण्याचा हिशेब धर. आम्ही स्लॅबवर आळी करून पाणी कोंडून ठेवलं होतं. आई सकाळ-संध्याकाळ शिडीवरून डोकावून बघायच्या आणि कुठे सुकलं तर खालून गड्याला हाक मारायच्या. तुझ्या कुठल्याही सुपरवायझरनं इतकं मन लावून हे काम केलं नसतं.

गिलाव्याआधी सुनेनं प्रत्येक भिंतीचे फोटो काढले, शेजारी टेप धरून, म्हणजे पाइप जमिनीपासून किती उंचीवर आणि कोपऱ्यापासून किती अंतरावर ते कळावं. ही युक्ती तिची. मी तेव्हापासून प्रत्येक घरात ती वापरतो. तूही वापर आणि फोटोंचा एक संच त्यांच्याकडे राहू दे.

पैशांबद्दल थोडक्यात: हप्ते जोतं, स्लॅब, गिलावा अशा टप्प्यांना बांध, आणि सेप्टिक टँक, शोषखड्डा, गडगा (आवाराची दगडी भिंत) हे चौरस फुटाच्या दरात आहेत की नाहीत ते पहिल्याच दिवशी लिहून दे. बहुतेक भांडणं याच तिघांवरून होतात.

त्या वर्षी गणपती नव्या घरात बसला. मुंबईची सगळी भावकी आली होती. आई येईल त्याला आधी माटवी दाखवत होत्या, मग अंगणात नेऊन तो चौथा कोपरा. ‘हय माती लागलेली, खाली इतक्या खोल गेलंव,’ म्हणत हातानं खोली दाखवायच्या. पाया पुरून महिने झाले होते, पण त्यांना तो दिसत होता. मला इतक्या वर्षांत कुठल्याही घराची याहून मोठी पावती मिळालेली नाही.

म्हणून मिस्त्रीला सांग, अर्धा दिवस खोळंबला तरी चालेल. आणि तुझी मंडळीही मुंबईची आहेत ना? मग पायाची आणि स्लॅबची तारीख त्यांना निदान महिनाभर आधी कळव. मे महिन्यात कोकणच्या गाडीचं तिकीट ऐन वेळी मिळत नाही.

तुझा,
काका