शेजारचा बोका आमच्या भित्र्या मांजरीला मारतो, घरातही शिरतो. काय करावं?

सगळ्यात आधी खिडक्या आणि बाल्कनीला जाळी लावून घ्या. कबुतरांसाठीची नायलॉनची जाळी बोके फाडतात, म्हणून लोखंडी किंवा स्टीलची घ्या. तुमची मांजर काही दिवस घरातच राहू द्या. खाणं घराबाहेर ठेवू नका, वासाने बोका पुन्हा येतोच. काचेतून तो दिसला तरी ती घाबरते, तेव्हा काचेच्या खालच्या भागावर कागद चिकटवा. कपाटावर चढून बसायला एक उंच जागाही द्या.

खरा उपाय मात्र बोक्याची नसबंदी. नसबंदी न झालेले बोके हद्दीसाठी आणि माद्यांसाठी भांडतात. शस्त्रक्रियेनंतर संप्रेरकं उतरायला काही आठवडे लागतात, मग मारामाऱ्या बहुतेक वेळा कमी होतात. तो पाळलेला असेल तर शेजाऱ्यांशी शांतपणे बोला. भटका असेल तर जवळच्या प्राणीमित्र संस्थेला विचारा. त्याला पोत्यात घालून लांब सोडू नका, ही क्रूरता आहे आणि त्याची जागा दुसरा बोका घेतो.

दाराशी त्याने मुतून ठेवलं असेल तर फिनाईल अजिबात वापरू नका, मांजरांना ते विषारी असतं. एन्झाइमवालं, म्हणजे लघवीचा वास मुळापासून घालवणारं क्लीनर वापरा.

मारामारीत हात घालू नका, पाणी फेका किंवा मोठा आवाज करा. नंतर तिचं अंग चाचपून बघा. चाव्याची भोकं बारीक असतात, वरून बुजतात आणि आत पू होतो. सूज किंवा ताप वाटला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. रेबीजची लस तर हवीच.